मुलुंडच्या गॅलरीतली पाखरे आणि आपला बांध



उसाची लागण, खतांचे हप्ते, तोडणीचा कार्यक्रम आणि बिलाची तारीख हे विषय सोडून या अंकात दुसरे काही छापू नये, असा काही ठराव झालेला नाही. तरीसुद्धा "या वेळी पाखरांवर लिहिणार आहोत" असे आम्ही म्हणताच कचेरीतल्या एका जुन्या सहकाऱ्याने आम्हाला हटकलेच. "अहो, जन्मभर आपण माळ्यावर चढून गोफणीनं पाखरं हाकली. आता त्यांचे फोटो छापणार काय?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणूनच हा लेख लिहीत आहोत. सभासदांनी तो शेवटपर्यंत वाचावा आणि मग पटले तर घ्यावे, न पटल्यास सोडून द्यावे.

झाले असे, की हिवाळ्यात कारखान्याच्या एका कामासाठी मुंबईला नरिमन पॉइंटच्या साखर भवनात जावे लागले. मुक्काम मुलुंडला, मावसबहिणीकडे. तिचे यजमान म्हणजे आमचे दाजी. मूळचे आपल्याच भागातले. तरुणपणी गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, १९८२ च्या संपात गिरणी सुटली, मग मिळेल ते काम करून त्यांनी संसार उभा केला. आता मुलाने मुलुंड पश्चिमेला चौथ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या आहेत. गॅलरीतून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात. हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. त्याची एक बाजू बोरिवलीला, तर दुसरी मुलुंड-ठाण्याला लागते. एवढ्या मोठ्या शहराच्या कुशीत एवढे रान, हे आपल्याला ऐकून खरे वाटत नाही, पण आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दाजींनी आम्हाला उठवले. हातात चहाचा कप दिला आणि गॅलरीच्या दाराआड पडद्यामागे स्टुलावर बसवले.

"पाव्हणं, आता हलायचं नाही. चहा प्या, पण कपबशी वाजवू नका."

आम्हाला वाटले, दाजींना म्हातारपणी काहीतरी खूळ लागले. पण बसलो.

दहा फुटांची गॅलरी

गॅलरी ती केवढी? लांबीला दहा फूट, रुंदीला चार. लोखंडी ग्रिलला एक वाळकी फांदी आडवी बांधलेली. खाली मातीचे पसरट भांडे, त्यात दोन बोटे पाणी आणि मधोमध एक दगड. चार कुंड्यांत तुळस, जास्वंद, कढीपत्ता आणि एक वेल. तारेला टोचलेली पिकल्या पपईची एक फोड. बस्स, एवढेच भांडवल.

उजाडता उजाडता पहिल्यांदा आली बुलबुलाची जोडी, शेपटीखाली लाल असणारी. आधी फांदीवर बसून चौफेर बघितले, मग एकाने पाण्यात उडी घेऊन अंघोळ उरकली आणि दुसरा पहाऱ्याला थांबला. नंतर जास्वंदीत शिंपी आला, अंगठ्याएवढा जीव, पण आवाज सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा. मग काळापांढरा दयाळ. सात वाजता ऊन आल्यावर शिंजीर आला आणि जास्वंदीच्या फुलाच्या बुडाशी चोच लावून मध ओढू लागला. समोरच्या पिंपळावर तांबट पक्ष्याचा 'टुक टुक टुक' असा ठोका चालू होता, जणू तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडते आहे. आठला कावळा आला, पपईची उरलेली साल घेऊन गेला आणि कार्यक्रम संपला.

तासाभरात आम्ही नऊ जातींची पाखरे मोजली. खेड्यात जन्म काढलेल्या माणसाला मुंबईत चौथ्या मजल्यावर ही गोष्ट घडावी, याची आम्हाला थोडी लाजच वाटली. कारण या नवातली पाच पाखरे आम्ही रोज पाहतो, पण त्यांची नावे आम्हाला सांगता आली नाहीत. 'बारकं पाखरू', 'काळं पाखरू' एवढ्यावर आमची मजल.

दाजींची नात नववीत आहे. नावे तिने सांगितली. तिने मोबाईल एका छोट्या तिकाटण्यावर ठेवून काचेआडून फोटो घेतले होते. एका वहीत तारीख, वेळ, पाखराचे नाव, किती आली आणि काय खाल्ले असे रकाने पाडून ती रोज लिहिते. आपल्या गट कार्यालयातल्या लागणीच्या नोंदीइतकेच चोख. वहीच्या शेवटच्या पानावर एकूण जाती लिहिल्या होत्या : सव्वीस. चार फुटांच्या गॅलरीत सव्वीस!

बाजरीचे ताट

"पण हे सगळं पहिल्यापासून असं नव्हतं," दाजी म्हणाले. "पहिलं वरीस माझं वायाच गेलं."

सुरुवातीला त्यांनी आपल्याकडच्या सवयीप्रमाणे रोज ताटभर बाजरी ठेवली. पाखरांना दाणा घालावा, पुण्य लागते, हे आईने शिकवलेले. पहिल्या आठवड्यात दोन पारवे आले. महिन्याने वीस. पावसाळ्यापर्यंत इतके झाले की गॅलरीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर विष्ठा पडू लागली, सोसायटीची नोटीस आली आणि शेजाऱ्यांशी बोलणे बंद झाले. बाजरी संपली की पारवे कुंडीतली रोपे तुडवीत. आणि चिमणी? ज्या चिमणीसाठी हे ताट ठेवले, ती त्या गर्दीत एकदाही आली नाही.

त्याच सुमारास आमच्या बहिणीला कोरडा खोकला लागला. जिना चढताना दम लागू लागला. डॉक्टरांनी तपासायच्या आधीच विचारले, "घरात कबुतरं येतात का?" त्या दिवशी ताट उचलले. वेळेवर उचलले म्हणून बहीण आज बरी आहे.

हा आजार आपल्या वाचकांना परका वाटू नये. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ सतत श्वासातून गेली की काही माणसांची फुफ्फुसे सुजतात आणि वेळीच आवर घातला नाही तर कायमची निबर होतात. डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. साखर कारखान्यात बुरशी आलेल्या जुन्या बगॅसच्या धुळीने होणारा 'बगॅसोसिस' हा त्याच जातकुळीतला आजार. बगॅसच्या ढिगाशी तोंडाला फडके बांधल्याशिवाय जाऊ नये, असे आपण कामगारांना सांगतो ते यासाठीच. एकीकडे धूळ चिपाडाची, दुसरीकडे कबुतराची, एवढाच फरक.

मुंबईत हा प्रश्न आता घराघरांतला राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये तो विधान परिषदेत निघाला आणि शहरातले ५१ कबुतरखाने बंद करण्याचे सरकारने सांगितले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने दाणे टाकण्यास परवानगी दिली नाही, उलट बंदी मोडणाऱ्यांवर गुन्हे नोंदवण्यास सांगितले. ऑगस्टमध्ये दादरचा जुना कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, त्यावरून मोठे आंदोलन झाले. ऑक्टोबरअखेर पालिकेने वरळी, अंधेरी, मुलुंड आणि बोरिवली अशा चार ठिकाणी सकाळी दोन तास दाणे टाकण्यास तात्पुरती मुभा दिली. दोन्ही बाजूंना माणसे आहेत, आणि दाणे टाकणाऱ्यांची भावना खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. मुक्या जीवाला घास घालणे ही आपली रीतच आहे. पण एकाच जातीला रोज पोतेभर आयते धान्य मिळाले की तिची फौज वाढते आणि बाकीच्यांना जागा राहत नाही. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीतून लोक कुरव पक्ष्यांना शेव-गाठी टाकतात, तेही तसेच. मासे खाणाऱ्या पाखराला तेलकट, खारट शेवेने काय मिळणार? दया चांगली, पण तिला थोडी माहितीची जोड पाहिजे.

दाजींनी ती जोड दिली. दाणा बंद केला, फक्त पाणी ठेवले आणि कुंड्या लावल्या. पंधरा दिवस कोणी फिरकले नाही. पारवे येत, कठड्यावर बसून वाट बघत आणि कंटाळून जात. सोळाव्या दिवशी बुलबुल आला.

यातले मर्म असे : दाणा सगळी पाखरे खात नाहीत. शिंजीर मध पितो, शिंपी आणि दयाळ किडे खातात, बुलबुल आणि कोकीळ फळे खातात. पाणी मात्र सगळ्यांना लागते. चिमणी स्वतः दाणा टिपत असली तरी तिची पिल्ले पहिले काही दिवस किड्यांवर, अळ्यांवरच वाढतात. तेव्हा चिमणी हवी तर नुसती बाजरी उपयोगाची नाही. घरटे करायला वळचण पाहिजे आणि जवळपास किडे देणारी झाडझुडपे पाहिजेत. २०२० साली देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल निघाला. देशभराचा विचार करता चिमणी टिकून आहे, पण मुंबईसारख्या मोठ्या शहरांत तिची संख्या घटली आहे, असे त्यात आढळले. शहरात काचेच्या भिंती झाल्या, वळचणी गेल्या. आपल्याकडे कौले जाऊन स्लॅब आले, तेव्हा आपणही याच वाटेने निघालो आहोत हे ध्यानात असू द्यावे.

एका चिमणीपासून

पाखरे मारण्याऐवजी पाहावीत, ही गोष्ट मुंबईने देशाला शिकवली असे म्हटले तर वावगे होणार नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था १८८३ साली मुंबईत स्थापन झाली आणि आजही काम करते. गोरेगावला चित्रनगरीच्या बाजूला, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, तिचे निसर्गशिक्षण केंद्र आहे.

डॉ. सालिम अली यांचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असेल. जन्म मुंबईचा, १८९६ सालचा. लहानपणी आईवडील गेले, मामाने सांभाळ केला. हातात छऱ्याची बंदूक. एकदा एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही कसली चिमणी? मामाने पोराला वरील संस्थेत पाठवले. तिथल्या मिलार्ड नावाच्या साहेबाने पोराला हाकलून न देता पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून दिली आणि कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. त्या दिवसापासून या मुलाचा जन्म पाखरांना वाहिला गेला. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे सचित्र पुस्तक आले, ते अजूनही छापले जाते. १९८५ साली आत्मचरित्र लिहिले, त्याचे नावही त्या चिमणीच्या पडण्यावरून ठेवले. १९८७ साली ते वारले.

त्यांचे एक काम तर आपल्या उसाच्या फडाशी जवळचे. १९३० साली अलिबागजवळ किहीमला राहत असताना त्यांनी घराजवळच्या सुगरणींच्या वस्तीकडे दिवसेंदिवस लक्ष ठेवले. तोवर कोणाला नीट माहीत नव्हते ते त्यांना दिसले : खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की मादी येऊन तपासते. पसंत पडला तर राहते, नाही तर पुढे जाते. पसंती मिळाली की नर खोपा पुरा करतो आणि दुसरा विणायला घेतो. यासाठी त्यांना प्रयोगशाळा लागली नाही, लागली ती चिकाटी. आणि सुगरण खोपा विणते कशाने? भाताच्या, लांब गवताच्या आणि आपल्या उसाच्या पात्याच्या चिरट्यांनी. विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारे खोपे आपण लहानपणापासून बघतो, पण त्याखाली एक सकाळ बसून राहिलेले आपल्यातले किती?

मराठीत पाखरांची नावे जमवण्याचे काम मारुती चितमपल्ली यांनी केले. वनखात्यातला हा अधिकारी सोलापूरचा. रानातल्या लोकांकडून त्यांनी एकेका पाखराची नावे गोळा केली आणि 'पक्षिकोश' तयार केला. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते सोलापुरात निवर्तले. आम्हाला 'बारकं पाखरू' म्हणावे लागते, ते नाव नाही म्हणून नव्हे, आपण विसरलो म्हणून.

आता तर मोबाईलमुळे हे काम सोपे झाले आहे. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभरचे लोक आपल्या परसात, गॅलरीत, गच्चीत बसून पाखरे मोजतात. 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' म्हणतात त्याला. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेला हा उपक्रम २०१३ पासून भारतातही चालतो. निदान पंधरा मिनिटे बसायचे, दिसेल ते मोजायचे आणि मोबाईलवरून कळवायचे. दाजींची नातही त्यात भाग घेते. कुठली पाखरे वाढली, कुठली कमी झाली, हे शास्त्रज्ञांना अशा हजारो वह्यांवरून कळते.

आणि आपण?

मुंबईहून परत आलो. पहाटे एस. टी.तून उतरून वस्तीकडे चालत निघालो, तर बांधावर आमची नजर आपोआप पाखरे शोधू लागली. आणि तिथेच पाय थबकले. विहिरीजवळच्या बांधावर तीन बाभळी आणि एक जुना कडुनिंब होता. गेल्या उन्हाळ्यात आम्हीच तोडला. उसावर सावली पडते, दोन सऱ्या वाढतील, ट्रॅक्टर वळवायला जागा होईल, असा हिशेब केला होता. सरी वाढली एकच. बाभळीवर सुगरणीचे सात-आठ खोपे असायचे आणि निंबाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी. त्यांचे काय झाले हे विचारायचेही आम्हाला सुचले नाही. दाजी चार फुटांच्या गॅलरीत वाळकी फांदी बांधून जे उभे करू पाहतात, ते आमच्या बांधावर फुकट होते, आणि आम्ही कुऱ्हाड लावली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

यात नुसत्या हळहळीचा प्रश्न नाही. यंदा आमच्या खोडव्यात हुमणी लागली आहे. ती झाडे तोडल्यामुळेच लागली, असे आम्ही म्हणणार नाही. हुमणीला कारणे पुष्कळ. पण शेणखत पसरून नांगर धरला की मागे गायबगळे, साळुंक्या, कावळे आणि कोतवाल जमून पांढऱ्या अळ्या वेचतात, हे प्रत्येकाने पाहिले आहे. पिंगळा तिन्हीसांजेला भुंगेरे टिपतो. गव्हाणी घुबड रात्रभर उंदीर मारते, आणि उसाच्या फडात उंदीर किती नुकसान करतो हे सभासदांना सांगायला नको. या सगळ्यांना बसायला फांदी आणि राहायला ढोली लागते. ती नसली तर ती येतील कशाला?

आता कोणी म्हणेल, "बाभळीवर, निंबावर तर हुमणीचे भुंगेरेच येतात, मग झाड ठेवायचे कशाला?" शंका बरोबर आहे. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघून याच झाडांवर पाला खायला जमतात. पण झाड तोडल्याने भुंगेरा मरत नाही, तो पुढच्या बांधावर जातो. झाड असले तर रात्री फांद्या हलवून भुंगेरे एका जागी गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकता येतात. शेतकी खातेही हेच सांगत आले आहे. म्हणजे झाड हे शत्रूचे घर नाही, त्याला पकडायची जागा आहे. नुसत्या पाखरांवर विसंबून हुमणी जाणार नाही हे खरे, पण त्यांना घालवून दिले तर त्यांचे काम आपल्या खिशातून करावे लागेल हेही तितकेच खरे.

पाखरे नुकसान करतात हेही आम्ही नाकारत नाही. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे काय करतात ते ठाऊक आहे. पण त्याच भोरड्या नाकतोडेही खातात. चीनमध्ये १९५८ साली सरकारने चिमणीला धान्याची चोर ठरवून देशभर मोहीम काढली. थाळ्या बडवून चिमण्या उडत्या ठेवल्या, थकून पडल्या की मारल्या. पुढे पिकांवर किडीचा उपद्रव वाढला आणि १९६० मध्ये चिमणीचे नाव शत्रूंच्या यादीतून काढावे लागले, तिच्या जागी ढेकूण घातला. एका अंगाने केलेला हिशेब असा महागात पडतो.

आपल्याकडचा दाखला गिधाडाचा. पूर्वी बैल मेला की गावाबाहेर टाकला तर अर्ध्या दिवसात हाडे उरत. पुढे जनावरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोचू लागले. ते औषध अंगात असलेले मढे खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी झाले आणि हजारोंनी मेली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर आकाश रिकामे झाले होते. गाडीबैलाला आराम पडावा म्हणून आपणच ते टोचून घेत होतो. कोणाच्या मनात पाप नव्हते, पण कोणी बघतही नव्हते. म्हणून आम्ही म्हणतो, बघायला शिकले पाहिजे. कमी झालेले डोळ्यांना दिसले, तरच वेळेवर काही करता येते.

एवढे करावे

मुलुंडहून शिकून आलो ते आणि शेतीतले आपले थोडे, असे मिळून खाली देत आहोत. यात खर्च जवळजवळ नाही.

पाणी : वस्तीवर सावलीत मातीचे पसरट भांडे ठेवावे. पाणी दोन बोटेच, मध्ये दगड, म्हणजे लहान पाखरू बुडत नाही. मांजराला दबा धरता येणार नाही अशी उंच किंवा मोकळी जागा निवडावी. भांडे रोज सकाळी घासून पाणी बदलावे. बदलले नाही तर डासांच्या अळ्या होतात आणि पुण्याऐवजी डेंग्यू घरात येतो. घाणेरड्या भांड्यातून पाखरांतही रोग पसरतो. इंग्लंडमध्ये घरोघरी पाखरांना दाणे ठेवण्याची मोठी हौस आहे. तिथे २००५ च्या सुमारास घशाचा एक रोग अशाच दाण्या-पाण्याच्या जागांवरून पसरून ग्रीनफिंच नावाची हिरवी पाखरे फार मोठ्या संख्येने मेली.

दाणा : ठेवायचाच तर मूठभर, तोही रोज एकाच जागी नको. खारे, तळलेले, शिळे अन्न, पाव घालू नये. पारवेच जमू लागले तर सरळ बंद करावा.

बांध : विहिरीजवळ, ओढ्याच्या कडेला दोन तरी देशी झाडे राखावीत. पिकात झाड नको असेल तर इंग्रजी 'टी' अक्षरासारख्या काठ्या रोवाव्यात. हरभऱ्यात घाटेअळीसाठी आपण पक्षीथांबे करतोच, तेच उसाच्या बांधावर करावेत, कोतवाल त्यावर बसतो.

पाचट : पेटवू नये. सरीत कुजवल्याने जमिनीला खत मिळते हे शेतकी खाते सांगतेच. पाचटात लावा, तितर यांसारखी जमिनीवर राहणारी पाखरे असतात, हे त्यात आम्ही जोडतो.

औषध : दाणेदार कीटकनाशक जमिनीवर उघडे पडू देऊ नये, पाखरे दाणा समजून टिपतात. फोरेटवर तर २०२० अखेरपासून बंदीच आहे, कोणी जुने पोते देऊ लागला तर घेऊ नका. उंदरांचे विष टाकल्यावर मेलेले उंदीर पुरून टाकावेत, नाही तर ते खाऊन घुबडही मरते.

फोटो : साध्या मोबाईलवर चांगला फोटो निघतो. खिडकीचा किंवा पडद्याचा आडोसा घ्यावा. पाण्याजवळ वाळकी फांदी रोवावी, पाखरू आधी तिच्यावर बसते, तिथेच मोबाईल रोखून ठेवावा. सूर्य आपल्या पाठीशी असावा, फ्लॅश वापरू नये. पाखरामागे धावू नये, त्याला येऊ द्यावे. घरट्याजवळ जाऊन फोटो काढू नये. माणसाचा वावर दिसला की आई घरटे सोडते आणि कावळ्याला वाट सापडते. पोपट पिंजऱ्यात घालून फोटो काढण्याची हौस कोणाला असेल तर तो गुन्हा आहे, हेही सांगून ठेवतो.

वही : घरातल्या शाळकरी मुलीला किंवा मुलाला एक वही करून द्यावी. तारीख, वेळ, पाखरू, किती. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे पुरे. एका वर्षाने ती वही उघडली की आपल्या शिवाराची तब्येत तिच्यात दिसेल.

सभासदांनी काढलेले फोटो आणि नोंदी गट कार्यालयात आणून द्याव्यात. नाव येत नसेल तर 'बारकं पाखरू' लिहिले तरी चालेल. आम्ही फोटो मुलुंडला नातीकडे पाठवून नाव विचारून घेऊ आणि पुढील अंकात जागेप्रमाणे छापू.

आमच्यापुरते सांगायचे तर विहिरीवर मातीचे भांडे ठेवले आहे आणि तोडलेल्या निंबाच्या जागी रोप लावले आहे. ढोली धरायला त्याला काही वर्षे लागतील, तेव्हा कदाचित आम्ही नसू. परवा दाजींचा फोन आला. "पाव्हणं, काय आलं का पाण्यावर?" आम्ही सांगितले, बुलबुल आला, साळुंक्या येतात, पिंगळा मात्र अजून नाही.

दाजी म्हणाले, "पाणी बदलत राहा. येईल."